सातवा लेसन

विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत घड्याळ, किल्ल्या, सुटी नाणी ट्रेमध्ये काढून ठेवायची वेळ आली की आजूबाजूचे लोक वैतागतात. मला मात्र हसू येतं. नवरा विचारतो, काय झालं, आणि मी म्हणते, मेश्राम. मग तोही हसतो, कारण त्याने ते सगळं शंभरदा ऐकलेलं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आणि नवंकोरं लग्न अशा दोन गोष्टी घेऊन मी बर्मिंगहॅमला आले. दोन वर्षं घरी बसून पडद्यांचे रंग बदलून झाले, आणि मग कालव्याकाठच्या एका छोट्या कारखान्यात टेस्ट इंजिनिअरची नोकरी मिळाली. खालच्या मजल्यावर मोटारींचे स्विच बनायचे. वरच्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं, आणि आमच्याकडे सेन्सर. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सतत कळावं लागतं, ते कळवणारा आगपेटीएवढा भाग आम्ही बनवत होतो.

पहिल्या दिवशी आमचा मॅनेजर हॅरिस मला वर घेऊन गेला, 'मिसेस वैद्य, हा सिड, नियम तो सांगेल' एवढं म्हणाला आणि निघून गेला. सिड म्हणजे पन्नाशीला आलेले, बुटके, सावळे, जाड प्लास्टिकच्या फ्रेमचा चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी माझ्याशी हात मिळवला नाही. खिशातून एक छोटं होकायंत्र काढलं, तळहातावर ठेवलं आणि माझ्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली. मी देवळातल्या मूर्तीसारखी उभी. माझ्या मानेमागे येऊन ते थांबले, काट्याकडे पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "केसात लोखंड आहे जी. काटा सांगून राहिला."

सिड मूळचा सुधाकर होता. सुधाकर मेश्राम, भंडाऱ्याजवळच्या एका खेड्यातले, नागपूरला शिकलेले, आणि वीस वर्षं बर्मिंगहॅमला राहूनही जिभेवरचं नागपूर जसंच्या तसं ठेवलेले. माझ्या अंबाड्यातून त्या दिवशी सात पिना निघाल्या. त्या, माझं घड्याळ आणि पर्समधल्या किल्ल्या दाराबाहेरच्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या. खोलीत एक टेबल होतं, ज्याच्यावर सेन्सर जुळवले जात. त्या टेबलाच्या दोन हात परिघात लोखंडाचा कण यायचा नाही, हा मेश्रामांचा नियम. ते स्वतः पट्ट्याचं बकल नको म्हणून पँटला सुती दोरी बांधत. दोरीची गाठ कधीकधी शर्टाखालून डोकावायची, आणि एवढ्या मोठ्या इंजिनिअरने नाडी बांधून मीटिंगला जावं याची मलाच लाज वाटायची. त्यांना वाटत नसे.

टेबलावर दोघी बायका आळीपाळीने बसत. एक डोरीन, मूळची तिथलीच, बोलायला लागली की थांबायची नाही. दुसरी गुरदीप, जालंधरकडची, चाळिशीची, मान वर न करता काम करणारी. जुळवून झालेल्या प्रत्येक सेन्सरवर त्या रंगाचा ठिपका लावत. डोरीनचा लाल, गुरदीपचा हिरवा. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की गुरदीपच्या उजव्या मनगटात जाड लोखंडी कडं आहे. तिच्या आजीचं होतं ते, आजीच्या पश्चात तिच्या हातात आलेलं. आम्हा पुणेकरांना दुसऱ्याच्या नियमातली भोकं फार लवकर दिसतात. मी मेश्रामांना गाठून विचारलं, की माझ्या पिना डब्यात आणि तिचं कडं टेबलावर, हा कुठला न्याय?

"पिना तुम्ही दुकानातून आणल्या, वैद्यबाई," ते म्हणाले. "ते कडं तिच्या धर्माचं आहे. मी कोणाला काय काढून ठेव म्हणणार? मला लहानपणी लोक बाजूला बसायला सांगत होते."

एवढं बोलून ते कामाला लागले. ते होकायंत्र त्यांनी सगळ्यांच्या अंगाला लावलं होतं, एकदा तर इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाच्या कृत्रिम दाताजवळसुद्धा नेलं होतं, पण गुरदीपकडे कधी नेलं नाही.

त्यांच्या त्या बाजूला बसण्याबद्दल मला आणखी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी एक दिवस डबा खाताना, अगदी सहज म्हणून, मेश्राम म्हणजे नक्की कोण असं चाचपायला लागले. परदेशात आलं तरी काही खोडी पासपोर्टबरोबर येतात. त्यांनी ठेच्याचा घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या मनात जे आलं ना बाई, तेच." मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्यांनी मात्र आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यातून अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. पुढे पाचसहा वर्षं आमचा डबा एकत्र होता, आणि तो विषय निघाला तर त्यांनीच काढला, तोही हसत. आमचा नवा सेन्सर कशालाही हात न लावता आतल्या भागाची जागा ओळखणार होता. ते म्हणायचे, "आमच्या गावात लोक आम्हाला न शिवता बरोबर ओळखायचे. मी तर फक्त पेडल ओळखून राहिलो. यात कायचं पेटंट?"

या नव्या सेन्सरपायी त्यांनी आयुष्य का लावलं होतं, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. कमलताई तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. रोज सकाळी आपल्या लाल गाडीतून त्या मेश्रामांना कारखान्याच्या दारात सोडत. मोटारींचे भाग बनवणारा हा माणूस गाडी चालवत नसे. बायकोशेजारी बसे, तोही डोळे घट्ट मिटून. मला वाटायचं झोप काढतात. एक दिवस ताईंनी मला घरी सोडताना खरं काय ते सांगितलं.

मी येण्याच्या पाचसहा वर्षं आधी कारखान्यात जुन्या पद्धतीचे सेन्सर बनत. आत कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारी पितळेची जीभ. माणूस पेडलवर पाय बहुतेक एकाच जागी ठेवतो, त्यामुळे पट्टी नेमकी त्याच जागी झिजते. मग एक दिवस जीभ त्या खाचेवर येते, कॉम्प्युटरला काही कळेनासं होतं, गाडी गचका देते आणि बंद पडते. मेश्रामांनी काढलेल्या डिझाइनचा असा एक सेन्सर एका शाळामास्तरणीच्या गाडीत होता. गाडी चौकातल्या वळणावर मधोमध बंद पडली. मागच्या सीटवर तिची दोन मुलं होती. समोरून येणारा लॉरीवाला जागा होता म्हणून सगळे वाचले, कुणाला खरचटलंदेखील नाही. कंपनीने दिलगिरीचं छापील पत्र पाठवलं. मेश्राम मात्र तो सेन्सर घरी घेऊन आले, सूक्ष्मदर्शकाखाली ती खाच पाहिली, आणि रविवारी दोन बस बदलून त्या बाईंकडे गेले. बाईंनी चहा दिला. त्यांच्या धाकट्या मुलीने विचारलं, हे तुम्ही बनवलं का? मेश्राम हो म्हणाले.

"त्या वेळेला हे ड्रायव्हिंग शिकत होते," कमलताई म्हणाल्या. "सहा लेसन झाले होते. सातव्याला गेलेच नाही. म्हणाले, त्या पेडलच्या पलीकडं काय आहे ते मला ठाऊक आहे, मी पाय ठेवणार नाही. न घासणारा बनवीन तेव्हा पाहू."

झिजलेली ती पट्टी त्यांनी एका पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. मी ती पाहिली आहे. नखाने चाचपली तर खाच जाणवतसुद्धा नव्हती.

न घासणारा सेन्सर म्हणजे असा: फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक चुंबक, आणि त्याच्याखाली, जराशी जागा सोडून, चुंबकाचा जोर मोजणारी एक चिप. चुंबक फिरला की जोर बदलतो, त्यावरून कळतं पेडल कुठे आहे. काही घासत नाही, तर झिजेल कुठून? सांगायला दोन ओळी लागतात. मेश्रामांना सहा वर्षं लागली. थंडीत चुंबकाचा जोर एक असतो आणि तापलेल्या इंजिनाशेजारी दुसरा, चिप प्रत्येक खेपेला निराळी यायची, आणि खर्चाचं नाव काढलं की हॅरिसच्या कपाळाला आठ्या. पण ते चिकट माणूस. शेवटी एका मोटार कंपनीने चाचणीसाठी दोनशे नग मागवले. हॅरिसने आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हे पास झालं तर मोठी ऑर्डर आहे. नापास झालं तर वरचा मजला उन्हाळ्यापर्यंत बंद, अकराच्या अकरा जणांना निरोप. गुरदीपचा नवरा तेव्हा वर्षभर बेकार होता. ती मीटिंगमधून उठली ती तडक टेबलावर जाऊन बसली.

दोनशे नग गेले. सहा आठवड्यांनी त्यांची तक्रार आली. काही गाड्या सिग्नलला उभ्या असल्या की इंजिन उगीच घुरघुरतं. पेडलवर पाय नसताना सेन्सर सांगतो, जरासा पाय आहे. परत आलेले नग मी मोजायला घेतले. वाईट निघालेल्या प्रत्येक नगावर हिरवा ठिपका होता.

तीन आठवडे आम्ही शोधत होतो. गोंद बदलला, चिपा तपासल्या, नग बर्फात ठेवले, उकळत्या पाण्यात ठेवले. कुणाला काही कळेना. शेवटी हॅरिस मला म्हणाला की उत्तर समोर आहे, ऑपरेटरची हयगय. तसा रिपोर्ट लिही, तिला टेबलावरून हलवलं असं लिही, गुरुवारी गाडीवाले येतायत त्यांना दाखवू. मी लिहिला. नोकरी मलाही हवी होती, आणि ठिपके तर हिरवेच होते. सुबक टाइप करून, फाइलला लावून मी तो मेश्रामांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी पूर्ण वाचला. त्यांचा एक आवडता प्रश्न होता, ते तो कुणालाही विचारत, मंत्र्याने भाषण केलं तर टीव्हीलासुद्धा. तो त्यांनी मला विचारला.

"वैद्यबाई, पाहिलं का ऐकलं?"

मी म्हटलं, आकडे तसं सांगतायत.

"आकडे कोणाचं ते सांगून राहिले," ते म्हणाले. "काहून ते कुठं सांगितलं? या बाईच्या हातचं काम सगळ्यात स्वच्छ आहे. मी उद्या तिच्यासमोर बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते गुरदीपच्या समोर स्टूल टाकून बसले. ती बिचारी आधीच घाबरलेली, त्यात साहेब समोर. ती नग साच्यात ठेवायची, उजव्या हाताने झाकण दाबून धरायची, डाव्या हाताने बटण दाबायची. बटण दाबलं की पेडल सुटलेलं असतानाचं माप चिपमध्ये पक्कं व्हायचं. लगेच त्याच साच्यात, त्याच हाताखाली तपासणी. सगळं अगदी नियमाप्रमाणे. डोरीनही तसंच करायची. मी माझ्या खुर्चीतून पाहत होते. अकराच्या चहापर्यंत मेश्राम नुसते बसून होते. मग त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं आणि साच्याशेजारी ठेवलं. गुरदीपचा उजवा हात झाकणावर आला. काटा वळला. हात बाजूला झाला. काटा परत जागेवर.

आजीचं ते कडं वर्षानुवर्षांत स्वतःच थोडं चुंबक होऊन बसलं होतं. झाकण दाबताना ते चिपपासून दोन बोटांवर यायचं, आणि चिप त्यालाही मोजायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत. जगभराच्या लोखंडाला लावलेलं होकायंत्र या एका मनगटाला कधी लागलं नव्हतं, कारण मेश्रामांना तो उद्धटपणा वाटला होता. ते उठले. मला म्हणाले, "मी पाहिलं नाही, बाई. मी फक्त ठरवलं होतं." त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. मलाच रडू येईल असं वाटलं.

आता पुढचं सोपं होतं, निदान हॅरिसच्या मते. कारण सापडलं, ऑपरेटरचं कडं. तिने ते काढावं, नाहीतर खाली स्विचवर जावं, गुरुवारी तसं सांगायचं आणि ऑर्डर घ्यायची. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. सेन्सर वाचत होता, अकरापैकी दहा माणसं वाचत होती.

मेश्रामांनी हे सगळ्यात आधी गुरदीपला सांगितलं, कँटीनमध्ये, माझ्यासमोर. तिला सगळं समजलं की नाही कोण जाणे, पण कडं समजलं. तिने साबण मागितला. हात धुऊन ते ओढून काढायला लागली. वीस वर्षांत न निघालेलं कडं, मनगट लाल झालं. मेश्रामांनी टेबलावर हात ठेवला आणि आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "निकालो मत जी. तुम निकालोगी तो ये झूठ बोलता रहेगा. बस हमको पता नहीं चलेगा."

ती थांबली. मी पण थांबले. तोवर माझ्या डोक्यात हा विचार आलाच नव्हता. मोटार म्हणजे दुसरं आहे काय, लोखंडच. मेकॅनिक शेजारी पाना विसरणार, कुणी बॉनेटखाली स्पीकरची वायर नेणार, कुणी लोखंडी पत्रा ठोकणार. आम्ही दोन हातांचं सोवळं पाळून सेन्सर जुळवत होतो आणि तो पाठवत होतो भर बाजारात. एका कड्याने जो फसतो, तो रस्त्यावर कसा टिकणार?

गुरुवारी गाडीवाले आले. तिघे होते, त्यातले मुख्य प्रिचर्ड नावाचे, निवृत्तीला आलेले, उंच, कमी बोलणारे. हॅरिसने मेश्रामांना बजावलं होतं की कड्याचं सांग, पुढचं काही बोलू नकोस. मेश्रामांनी दोरीची गाठ नीट केली, उभे राहिले, कड्याचं सांगितलं, आणि मग आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणाले की दोष कड्याचा नाही आणि त्या बाईचा तर नाहीच. डिझाइन माझं आहे आणि ते अपुरं आहे. तुम्ही हे गाडीत बसवू नका. मला सहा महिने द्या. हॅरिसने डोळे मिटले. मी टेबलाखाली हाताची बोटं मोजत बसले.

प्रिचर्डने समोरचा नग उचलून पाहिला आणि विचारलं, सहा महिन्यांनी जे बनवाल ते स्वतःच्या गाडीत घालाल का? मेश्राम म्हणाले, मी गाडी चालवत नाही. बाकीचे दोघे हसले. प्रिचर्ड हसले नाहीत. त्यांनी कारण विचारलं. मेश्राम खोलीबाहेर गेले, ड्रॉवरमधलं पाकीट घेऊन आले आणि ती झिजलेली पट्टी त्यांच्या हातात ठेवली. त्या चौकाबद्दल त्यांनी चारच वाक्यं सांगितली. प्रिचर्डने पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, परत दिली, आणि म्हणाले की तीस वर्षांत माल विकणाऱ्याने आपला माल वाईट आहे असं मला सांगितल्याचं आठवत नाही. सहा महिने दिले.

ते सहा महिने आमच्या वरच्या मजल्याचे सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला आता कळतं. तेव्हा नुसती धावपळ होती. मेश्रामांनी एका चिपच्या जागी दोन घातल्या. चुंबकाच्या एका टोकाखाली एक, दुसऱ्या टोकाखाली दुसरी. चुंबक फिरला की एकीचं माप वाढतं, दुसरीचं कमी होतं. बाहेरचं लोखंड मात्र दोघींना जवळपास सारखंच फसवतं. एकीतून दुसरी वजा करा, फसवणूक उडून जाते. एप्रिलमधल्या भीमजयंतीला कम्युनिटी हॉलमध्ये त्यांनी हेच तिथे जन्मलेल्या पोरांना समजावलं. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. भाषणं झाल्यावर टेबलावर चुंबक मांडून म्हणाले, दोन साक्षीदार आहेत, कोणी येऊन दोघांच्या कानात एकच खोटं सांगितलं, तर ते खोटं पकडायचं कसं? एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "काका, दोघांचा गोष्टमधून सेम बिट काढून टाकायचा." ते एवढे खूश झाले की खिशातलं होकायंत्र तिला देऊन टाकलं. सोमवारी नवीन घेऊन आले.

बिस्किटांचा डबा त्या उन्हाळ्यात दाराबाहेरून गेला. मेश्रामांनी स्वतः तो आत आणून टेबलावर ठेवला, सेन्सरच्या अगदी शेजारी, आणि मला माझ्या पिना परत घालायला लावल्या. म्हणाले की आता जेवढं लोखंड असेल तेवढं आणा. शेवटची परीक्षा मात्र एकच. नग चालू करायचा आणि गुरदीपने आपला उजवा हात त्याच्याभोवती सगळीकडून फिरवायचा. मीटरचा काटा हलला की नग बाद. पहिले कितीतरी बाद झाले. गुरदीपला सुरुवातीला संकोच वाटायचा, नंतर तिला त्यात अशी गोडी लागली की बाद झाला की ती मान हलवून मेश्रामांकडे बघायची आणि ते निमूट नग उचलून न्यायचे. सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी तिने हात फिरवला, परत फिरवला, कडं अगदी टेकवून धरलं. काटा हलला नाही. डोरीन त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसली.

गाडीवाल्यांना पाठवलेल्या चाचण्यांच्या यादीत मेश्रामांनी तिला नाव दिलं, जी. के. टेस्ट. गुरदीप कौर. त्या कंपनीने ती यादी जशीच्या तशी आपल्या नियमांत घेतली. पुढे कितीतरी वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीत एका तरुण इंजिनिअरने मला गंभीरपणे समजावलं होतं, की जी. के. म्हणजे बहुतेक कुणीतरी जर्मन प्रोफेसर असावेत. मी त्याला गुरदीपबद्दल सांगितलं, पण त्याला ते खरं वाटलं नसावं.

ऑर्डर आली. वरचा मजला राहिला, इतकंच काय, आणखी चार टेबलं आली. मेश्रामांच्या पगारात फारसा फरक पडला नाही आणि पेटंटवर हॅरिसचं नाव आधी लागलं. मी चिडले, ते चिडले नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली, आपला सेन्सर घातलेली पहिली गाडी दुकानात कधी येणार.

ती यायला नव्वदीचं दशक अर्धं सरलं. कमलताईंनी जुनी लाल गाडी विकून तीच घ्यायचं ठरवलं. दुकानात काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. विक्रेता रंग दाखवत होता, सीट दाखवत होता, मेश्रामांनी बॉनेट उघडायला लावलं. खिशातून टॉर्च काढून अर्धे आत वाकले. विक्रेत्याला वाटलं यांचं काही पडलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले, हात काळे, आणि बायकोला म्हणाले, "हिरवा ठिपका आहे. गुरदीपचा आहे. घेऊन टाक."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आमचं दक्षिणेकडच्या ब्रॅकनेलला जायचं ठरलं. निरोपाला मेश्रामांनी मला होकायंत्र दिलं नाही, मी वाट पाहत होते तरी. केसांच्या पिनांचं एक पाकीट दिलं. आत सात होत्या.

निघायच्या आदल्या शनिवारी मी बसस्टॉपवर उभी होते. हायस्ट्रीटवरून गाड्यांची एक लांबच लांब रांग मुंगीच्या पावलांनी येत होती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. रांगेच्या सगळ्यात पुढे एक नवी निळी गाडी होती आणि तिच्यावर लाल अक्षरातला एल. चाकामागे मेश्राम होते. पंचावन्न ओलांडलेला माणूस, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, चष्म्यातून नजर थेट समोर. शेजारी कमलताई. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते.

गाडी माझ्यासमोरच सिग्नलला थांबली. इंजिनाचा आवाज अगदी शांत होता, जराही घुरघुर नाही. मी हात हलवला. त्यांनी मला पाहिलं नाही, रस्ता सोडून काही पाहायचं नाही असं इन्स्ट्रक्टरने कधीतरी सांगितलं असणार. कमलताईंनी एक डोळा उघडला, मला ओळखलं आणि काच खाली केली.

"सातवा लेसन," त्या म्हणाल्या, आणि डोळा परत मिटला.

दिवा हिरवा झाला. मेश्रामांनी एक मोठा श्वास घेतलेला मला दिसला. मग त्यांनी पाय ठेवला, आणि गाडी एकही गचका न देता चौक ओलांडून गेली.